लॅपटॉपची बटणं काढून कोलेमॅक लेआउट कसा लावायचा

कोलेमॅक म्हणजे इंग्रजी कीबोर्डवर अक्षरांची नेहमीपेक्षा वेगळी मांडणी. आधीच सांगतो, बटणं इकडची तिकडे केल्याने टायपिंग बदलत नाही. एस लिहिलेलं बटण डी च्या जागी बसवलं तरी कॉम्प्युटरला काही कळत नाही, तो तिथे डीच उमटवणार. त्यामुळे पहिलं काम सेटिंगमध्ये, भाषेच्या भागात जाऊन कोलेमॅक कीबोर्ड ॲड करायचं. मॅक आणि लिनक्समध्ये तो आधीपासून असतो, विंडोजमध्ये लिस्टमध्ये दिसला नाही तर कोलेमॅकच्या साइटवरून घ्यावा लागतो. मग निदान दोन आठवडे बटणं न हलवता, बाजूला नकाशा चिकटवून टाइप करून बघा. नाही जमलं तर लॅपटॉप जसाच्या तसा राहतो, नुकसान काहीच नाही.

मी ड्वोराक या दुसऱ्या पर्यायी मांडणीऐवजी कोलेमॅक घेतला कारण ड्वोराकमध्ये ए आणि एम सोडून सगळी अक्षरं हलतात. कोलेमॅक 2006 सालचा, त्यात फक्त 17 बटणं हलतात आणि झेड, एक्स, सी, व्ही जागेवरच, म्हणजे कॉपी-पेस्टची सवय मोडत नाही.

आता बटणं. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, आणि कीबोर्डचा एक स्वच्छ फोटो काढून ठेवा. स्क्रूड्रायव्हर नको, ओरखडे पडतात. गिटारचं पिक किंवा जुनं एटीएम कार्ड बेस्ट. बटणाखाली प्लॅस्टिकची कात्रीसारखी दोन तुकड्यांची पट्टी असते, मधे रबराची टोपी. कार्डचा कोपरा बटणाच्या कडेखाली सरकवा आणि हळू उचला, टक असा आवाज येतो. कुठल्या बाजूने आधी सुटतं ते मॉडेलवर आहे म्हणून पहिला प्रयोग सेमिकोलनवर करा, तसंही ते प्रोग्रामर सोडून कोण वापरतं. जोर लावावा लागतोय असं वाटलं की थांबा आणि दुसरी बाजू बघा. बटणाबरोबर पट्टीही निघून आली तर आधी ती खालच्या पत्र्याच्या हुकात बसवायची, मग बटण वर ठेवून दाबायचं. 2015 ते 2019 मधल्या बटरफ्लाय कीबोर्डवाल्या मॅकबुकवर मात्र हा उद्योग करूच नका, ती यंत्रणा फार नाजूक आहे. आणि वॉरंटी चालू असेल तर ती संपेपर्यंत थांबलेलं बरं.

पुढे जायच्या आधी एफ आणि ई दोन्ही काढून उलटे करून बघा. काही लॅपटॉपमध्ये एफ आणि जे च्या खालचे क्लिप इतरांपेक्षा वेगळ्या दिशेने असतात, तसं असेल तर ती बटणं दुसरीकडे बसणारच नाहीत, मग अदलाबदल विसरा आणि सरळ स्टिकर लावा. प्रत्येक ओळीच्या बटणांचा उतार वेगळा आहे का तेही बघा, असेल तर वरच्या ओळीतलं ई मधल्या ओळीत जरा वाकडं दिसेल, चालतं पण बोटाला जाणवतं.

बसवताना सगळी 17 एकदम काढून ढीग करू नका. संगीतखुर्चीसारखं करा, एका वेळी एकच जागा रिकामी. ई काढून बाजूला ठेवा. ई च्या जागी एफ, एफ च्या जागी टी, मग तशीच रिकामी होत जाणारी जागा भरत जायची: जी, डी, एस, आर, पी, सेमिकोलन, ओ, वाय, जे, एन, के, आणि शेवटी के च्या जागी तो बाजूला ठेवलेला ई. झाली 14. उरली तीन: यू काढा, तिथे एल, एल च्या जागी आय, आय च्या जागी यू. बस. मधे मधे ब्रश फिरवून घ्या, खाली किती शेव आणि भडंग निघते ते बघून लाज वाटेल.

खरी डोकेदुखी पुढे आहे. एफ आणि जे वरच्या बारीक उंचवट्यांवरून बोटं जागा शोधतात आणि ती बटणं आता वरच्या ओळीत गेली. बोटांखाली आता टी आणि एन आहेत, गुळगुळीत. मी त्या दोघांच्या खालच्या कडेला पारदर्शक नेलपॉलिशचा एकेक थेंब दिला, वाळला की परत एक, असं तीनदा. फेविक्विक वापरू नका, आजूबाजूला पांढरं धुकं धरतं आणि खाली ओघळलं तर बटणच चिकटतं.

मराठीसाठी इन्स्क्रिप्ट हा देवनागरी लेआउट वापरत असाल तर अजून एक गंमत. इन्स्क्रिप्ट जागेवर चालतो, बटणावर काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही, त्यामुळे तुमचं मराठी टायपिंग आहे तसंच राहतं. पण बटणांवर देवनागरी स्टिकर असतील तर ते बटणाबरोबर फिरतात. जे वरचा र आता वाय च्या जागी जाऊन बसतो आणि दाबलं की ब उमटतो. म्हणून स्टिकर आधी काढा आणि बटणं बसवून झाल्यावर जागेप्रमाणे नवीन लावा.

आणि हो, बायोसचा, म्हणजे विंडोज वगैरे सुरू व्हायच्या आधीच विचारला जाणारा पासवर्ड असेल तर तिथे जुनाच लेआउट चालतो. चालू करताना पासवर्ड चुकतोय म्हणून घाबरू नका, तो मघाचा फोटो उघडा. अर्थात तो फोनमध्ये असला पाहिजे, लॅपटॉपमध्ये नाही.