शिक्का मारण्याआधी छेद बघा: पोकर ट्रॅकरचे आकडे वाचताना या चुका टाळा

ऑनलाइन पोकर खेळताना प्रत्येक खेळाडूच्या सवयींचे आकडे टेबलवरच दाखवणारं सॉफ्टवेअर म्हणजे ट्रॅकर. माझ्या ट्रॅकरवर समोरच्या खेळाडूच्या नावाखाली ३९/३२ दिसत होतं. पहिला आकडा व्हीपीआयपी, म्हणजे शंभरातल्या किती हँडमध्ये (डावांत) तो ब्लाइंडच्या (पानं बघण्याआधीच भरायच्या रकमेच्या) सक्तीशिवाय स्वतःहून पैसे टाकतो. दुसरा पीएफआर, म्हणजे फ्लॉपआधी (टेबलवर पहिली तीन पानं उघडण्याआधी) किती वेळा रेज करतो, रक्कम वाढवतो. मी त्याला मॅनियाकचा, म्हणजे बेफाम बेट मारत सुटणाऱ्याचा, लाल रंग दिला. थोड्याच वेळात रिव्हरवर (शेवटच्या पानावर) त्याची मोठी बेट आली आणि मी मधल्या पेअरवर, म्हणजे साधारण जोडीवर, कॉल केला. त्याने सेट (एकाच अंकाची तीन पानं) उघडला.

पुढे त्याचे २४०० हँड जमले तेव्हा आकडा होता २३/१९. सहा जणांच्या टेबलवरचा शिस्तीत खेळणारा नियमित खेळाडू. रंग दिला तेव्हा माझ्याकडे त्याचे फक्त २८ हँड होते. त्यातले ११ तो खेळला होता, कारण त्याला पानं चांगली पडत होती.

ट्रॅकर टक्केवारी दाखवतो, पण ती असते अपूर्णांक. अंश डोळ्यांत भरतो, छेद पॉपअपमध्ये दडलेला असतो. २८ पैकी ११ एवढंच माहीत असेल, तर खरा व्हीपीआयपी साधारण २१ ते ५७ यांत कुठेही असू शकतो. निटही (फार मोजके हँड खेळणारा) त्यात जवळपास बसतो आणि मॅनियाकही. १०० हँडवर ३० दिसत असेल तर नऊ-नऊ टक्के इकडे-तिकडे धरा, १००० हँडवर तीन-तीन. म्हणून हँडची संख्या पॅनलवर पहिल्या ओळीतच ठेवा. बाकीचे चार आकडे काढावे लागले तरी चालतील.

तीनपैकी तीन

'३-बेटला फोल्ड: १००%' हा आकडा पाहून हात शिवशिवतात. पण हा आकडा हँडवर मोजला जात नाही, संधीवर मोजला जातो. आधी त्याने रेज करायचं, मग त्यावर कुणीतरी परत रेज करायचं (हाच ३-बेट), तेव्हा कुठे एक संधी धरली जाते. शेकडो हँड जमले तरी अशा संधी मोजक्याच असतात. निम्म्या वेळा फोल्ड करणारा साधा खेळाडूसुद्धा पहिल्या तिन्ही वेळा फोल्ड करेल, अशी शक्यता आठात एक आहे. म्हणजे टेबलं बदलत खेळलात तर असे 'शंभर टक्केवाले' रोज भेटणार. आणि ० टक्के व नुसती आडवी रेघ यांत गफलत करू नका. रेघ म्हणजे संधीच आली नाही.

माझा स्वतःचा ठोकताळा असा: व्हीपीआयपी आणि पीएफआरवरून ढोबळ अंदाज शंभरेक हँडनंतर, ३-बेटच्या आकड्यांवर काही शे हँडनंतर, आणि रिव्हरच्या आकड्यांवर काही हजार हँड जमल्याशिवाय अजिबात नाही. तोवर अनोळखी माणसाला तुमच्या डेटाबेसमधला सरासरी खेळाडू समजा. सगळ्यांची सरासरी २८ असेल आणि याचे २५ हँडवर ४४ दिसत असतील, तर मनात तिशीच्या आसपास धरून खेळा.

अ‍ॅग्रेशन फॅक्टर सर्वांत जास्त फसवतो

बेट आणि रेज यांची बेरीज भागिले कॉल, एवढाच हा हिशोब. यात चेक नाही आणि फोल्डही नाही, आणि घोळ तिथेच होतो.

दोन खेळाडू घ्या. पहिल्याने फ्लॉपनंतर १० वेळा बेट किंवा रेज केलं, २ वेळा कॉल, १८ वेळा फोल्ड. दुसऱ्याने ३० वेळा बेट किंवा रेज, ६ वेळा कॉल, ४ वेळा फोल्ड. दोघांचाही फॅक्टर ५. पहिला निट आहे: लागलं तर मारतो, नाही लागलं तर सोडतो. दुसरा पॉट सोडतच नाही. फोल्डही छेदात धरणारी अ‍ॅग्रेशन फ्रिक्वेन्सी काढली की पहिला ३३ टक्क्यांवर येतो आणि दुसरा ७५ वर. पहिल्याची बेट आली की चांगली पेअरसुद्धा सोडायची, दुसऱ्याला त्याच पेअरवर कॉल करायचा. फॅक्टर पाहून दोघांना एकाच रंगात रंगवलं, तर एकाच्या बाबतीत नेमका उलटा निर्णय घेतला जाणार. तुमच्या पॅनलवर जुना फॅक्टर असेल तर आजच फ्रिक्वेन्सी लावा.

आकडा बरोबर, पण कुठला?

दोन खेळाडू, दोघेही २५/२०, दोघांचे हजारो हँड. एक जण पहिल्या जागेवरून १५ टक्के आणि बटनवरून (फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी बोलणाऱ्या जागेवरून) ४५ टक्के खेळतो, दुसरा सगळीकडून सारखाच. एकूण आकड्यात हा फरक बुडून जातो. पहिल्या जागेवरून रेज आला की दोघांना एकच उत्तर देणं चूक आहे. जागेनुसार आकडे दाखवणारा पॉपअप जोडून ठेवा.

तीच गोष्ट टेबलवरच्या माणसांची. टेबल रिकामं होत तीनवर आलं की ब्लाइंड भराभर येतात आणि सगळेच जास्त हँड खेळतात. एखाद्याचा ८० हँडवर ४५ दिसला आणि त्यातले ५० हँड तीन जणांत झालेले असले, तर तो लूज (वाटेल ती पानं खेळणारा) आहे असं म्हणता येत नाही. खेळाडूंच्या संख्येचा फिल्टर लावा. कॅश आणि टूर्नामेंटचा डेटा तर एकत्र करूच नका. दहा ब्लाइंडच्या स्टॅकवर (हातातल्या चिप्सवर) माणूस ऑल-इन करतो किंवा फोल्ड, त्यावरून फ्लॉपनंतरची शैली कळत नाही.

नुसत्या व्हीपीआयपीवरून 'लूज' म्हणणं हीसुद्धा नेहमीची चूक. २८/२४ आणि २८/७ यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरा लिंप (रेज न करता फक्त ब्लाइंडएवढे पैसे टाकणं) आणि कॉल करत बसतो. त्याचा शोडाउनपर्यंत (शेवटी पानं उघडण्यापर्यंत) जाण्याचा आकडाही तिशीच्या वर असेल तर तो कॉलिंग स्टेशन: ब्लफ बंद, चांगल्या पानांवर मोठी बेट.

काही साइटवर असे ट्रॅकर चालवायला बंदी असते, काही ठिकाणी टेबलवर नावंच दिसत नाहीत. सुरू करण्याआधी नियम वाचून घ्या.

आणि रंग दिलाच, तर त्यासोबत हँडची संख्या आणि तारीख लिहा. त्या २३/१९ वाल्याच्या नावापुढे माझी नोंद आता अशी आहे: '२४०० हँड. पोझिशन नसताना (आधी बोलावं लागत असताना) रिव्हरला मोठी बेट तीनदा उघडली गेली, तिन्ही वेळा सेट किंवा त्याहून वर. फक्त तीनदा.'