ऑस्ट्रेलियात गुन्ह्याच्या आरोपावरून व्हिसा रद्द झाला? या चुका टाळा

पोलिसांनी आरोप ठेवला की आपल्याकडची मुलं पहिल्यांदा एकच म्हणतात, "कोर्टात अजून काही सिद्धच झालेलं नाही, मग व्हिसा कसा रद्द होईल?" होतो. मायग्रेशन कायद्याच्या कलम ११६ नुसार तुम्ही समाजाच्या किंवा एखाद्या व्यक्तीच्या सुरक्षिततेला धोका ठरू शकता, एवढ्यावरही तात्पुरता व्हिसा रद्द करता येतो. ब्रिजिंग व्हिसा ई (वैध व्हिसा नसलेल्यांना तात्पुरतं राहण्यासाठी मिळणारा) असेल तर नुसता आरोपसुद्धा पुरतो. म्हणून खटल्याचा निकाल लागेपर्यंत गप्प बसू नका.

व्हिसा रद्द करण्याआधी इमिग्रेशन डिपार्टमेंटची नोटीस येते, बहुतेकदा ईमेलवर, आणि उत्तराला मोजकेच दिवस असतात. स्पॅम फोल्डर रोज बघा. अधिकाऱ्याने व्हिसा रद्द केल्यावर ट्रिब्युनलकडे (अशा निर्णयांचा फेरविचार करणारी स्वतंत्र संस्था) अर्ज करायला २८ दिवस मिळतात. इमिग्रेशन डिटेन्शनमध्ये (इमिग्रेशन खात्याच्या कोठडीत) असाल तर ७ च. ही मुदत वाढवून मिळत नाही, उशिराचं कारण कितीही खरं असलं तरी. (ऑक्टोबर २०२४ पासून जुन्या ट्रिब्युनलच्या जागी अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनल आलं आहे. जुने फॉर्म भरू नका.)

खरी हार मात्र सुनावणीत होते. ट्रिब्युनल दोन प्रश्न विचारतं: रद्द करायला कारण आहे का? आणि कारण असलं, तरी रद्द करावा का? कायद्यात 'करू शकतात' असं आहे, 'केलाच पाहिजे' असं नाही. तुमचा जीव या दुसऱ्या प्रश्नात आहे. तरी मी निर्दोष आहे, हेच सांगण्यात लोक सगळा वेळ घालवतात आणि दुसऱ्या प्रश्नावर एक कागदही नसतो.

तिथे काय लागतं? इथे कशासाठी आलात, व्हिसाच्या अटी पाळल्या का, घटना कशी घडली, डिपार्टमेंटशी आजवर कसे वागलात, आणि रद्द झाल्यास कोणाचं किती नुकसान होईल. "आईवडिलांनी खूप कष्ट केले" असं लिहून भागत नाही. जमीन तारण ठेवून कर्ज काढलं असेल तर बँकेचं पत्र जोडा, त्यात किती हप्ते बाकी आहेत ते दिसू द्या. किती सेमिस्टर झाली, किती राहिली, हे युनिव्हर्सिटीकडून लिहून आणा. बायको-मुलं तुमच्याच व्हिसावर असतील तर त्यांचेही व्हिसा आपोआप जातात. मुलांच्या शाळेचे कागद अवश्य द्या.

शिफारसपत्रांचंही तसंच. मंडळातले काका प्रेमाने लिहून देतात, "मुलगा गुणी आहे, गणपतीत राबतो." पण आरोप काय आहे हे पत्रात नसेल तर त्यांना तो माहीतच नाही असं धरलं जातं आणि पत्राचं वजन जातं. काकांना खरं सांगा, ते कठीण असलं तरी. "आरोप मला माहीत आहे, तरीही मी याला ओळखतो" हे एक वाक्य पानभर कौतुकापेक्षा जास्त कामाला येतं.

आणखी एक धोका: ट्रिब्युनलपुढे घटनेबद्दल जे बोलाल ते फौजदारी खटल्यात तुमच्यावर उलटू शकतं. मायग्रेशन एजंट आणि क्रिमिनल वकील यांनी एकमेकांशी बोलल्याशिवाय कुठलंही निवेदन पाठवू नका. सुनावणी पुढे ढकलायची विनंती करता येते, ती मान्य होईलच असं मात्र नाही. मधल्या काळात जामिनाच्या अटी काटेकोर पाळा, आणि आरोप मागे घेतला गेला तर कोर्टाचा कागद त्याच दिवशी ट्रिब्युनलला पाठवा.