परदेशातील मदतकार्याआधीचा पाहणी दौरा : गोव्यातून मोझांबिककडे

आपत्तीच्या बातम्या पाहून आपणही परदेशी जाऊन काही करावे असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी कामाला जाण्यापूर्वी दोन-अडीच आठवड्यांचा एक पाहणी दौरा करावा. या दौऱ्यात काही वाटू नये, काही बांधू नये आणि कोणाला कसलाही शब्द देऊ नये. तिथे गरज कोणती आहे, ती आज कोण भागवीत आहे आणि त्यात आपल्यासारख्याला जागा आहे की नाही, एवढे समजून घेऊन परतायचे. ‘जागा नाही’ हे उत्तर मिळाले तरी दौरा वाया गेला असे मानू नये. पुढच्या पाच वर्षांचा खर्च आणि तिथल्या लोकांची गैरसोय त्या उत्तराने वाचलेली असते.

गोव्यातल्या माणसाने पहिला विचार आफ्रिकेतील मोझांबिकचा करायला हरकत नाही. मार्च 2019 मध्ये इडाई चक्रीवादळ तिथल्या बैरा या बंदराच्या शहरावर आले आणि पुंग्वे व बुझी या नद्यांच्या पुराने सोफाला प्रांताचा मोठा भाग पाण्याखाली गेला. तेव्हा भारतीय नौदलाची ‘सुजाता’ व ‘शार्दुल’ ही जहाजे आणि तटरक्षक दलाचे ‘सारथी’ तिथे मदतीला पोहोचली होती. गोव्याचा संबंध मात्र त्याहून जुना आहे. दोन्ही प्रदेश पोर्तुगिजांच्या सत्तेखाली होते, गोव्यातली अनेक कुटुंबे तिकडे स्थायिक झाली, आणि 1975 साली स्वतंत्र झालेल्या त्या देशाची राजभाषा आजही पोर्तुगीज आहे. आपल्याकडच्या जनेल (खिडकी), मेज (टेबल), कदेल (खुर्ची) या शब्दांना तिथे ओळख लागते. तेवढ्या भांडवलावर पूरग्रस्ताशी बोलता येत नाही, हेही खरे. निघण्यापूर्वी किमान सहा महिने पोर्तुगीज शिकावी. पणजीत तिचे वर्ग चालतात, गोवा विद्यापीठात तिचा अभ्यासक्रम आहे, आणि घरात लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या माध्यमिक शाळेत, शिकलेले कोणी वडीलधारे असतील तर रोज अर्धा तास त्यांच्यापाशी बसावे. बैराच्या आसपासच्या गावांत घरची भाषा सेना किंवा न्दाऊ असते, म्हणून स्थानिक दुभाषा लागतोच. तो मदत वाटणाऱ्या संस्थेचा माणूस नसावा, कारण त्याच्यासमोर लोक त्या संस्थेविषयी मोकळेपणाने बोलत नाहीत.

दौऱ्याचा काळ ठरविताना ऋतूंचा मेळ आपल्या बाजूने आहे. तिथला पाऊस आणि वादळांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो. आपल्याकडे मृगाचा पाऊस सुरू होतो तेव्हा तिथे कोरडे, थंडावलेले दिवस असतात. जून-जुलैत जावे, म्हणजे रस्ते उघडे असतात आणि गणेश चवथीच्या माटोळीला (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या आराशीला) घरी पोहोचता येते. पहिले तीन दिवस राजधानी मापुतोमध्ये भेटीगाठींसाठी ठेवावे आणि पुढे बैराला विमानाने जावे, कारण रस्त्याचे अंतर सुमारे बाराशे किलोमीटर आहे. 2017 पासून सशस्त्र संघर्ष चालू असलेला उत्तरेकडील काबो देल्गादो प्रांत पहिल्या दौऱ्यात टाळावा. गरज तिथेही मोठी आहे, पण नवख्या माणसाला सांभाळण्याचा भार तिथल्या कार्यकर्त्यांवर पडू नये.

कागदपत्रांत वेळ जातो, म्हणून ती चार महिने आधी हाती घ्यावीत. भारतीय पारपत्रावर व्हिसा लागतो. अर्जात दौऱ्याचा हेतू खरा लिहावा, यजमान संस्थेचे निमंत्रणपत्र जोडावे आणि पर्यटक व्हिसावर विनामोबदलाही काम करू नये. पुढे लहान मुलांशी संबंधित काम करण्याचा विचार असेल तर पोलीस पडताळणीचा दाखला आताच काढून ठेवावा. जी संस्था तो मागत नाही तिच्याविषयी सावध राहावे. प्रवाशांना अनाथाश्रमात आणून मुलांबरोबर खेळायला लावणाऱ्या कार्यक्रमांपासून तर दूरच राहावे, कारण अशा पाहुण्यांच्या देणग्यांसाठी आईबाप हयात असलेली मुलेही संस्थांत ठेवली जातात.

आरोग्याच्या तयारीत मलेरिया सर्वांत महत्त्वाचा. तो मोझांबिकमध्ये सर्वत्र आणि बाराही महिने असतो आणि बहुतेक फाल्सिपेरम या सर्वांत घातक जातीचा असतो, म्हणून प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने जाण्यापूर्वीच सुरू कराव्यात आणि परतल्यावर सांगितलेल्या दिवसांपर्यंत चालू ठेवाव्यात. विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल तर पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस घेऊन ठेवणे शहाणपणाचे, कारण इथिओपिया आणि केनिया हे पीतज्वराचे देश आहेत आणि पुढचे विमान चुकल्यामुळे तिथे मुक्काम पडला की प्रमाणपत्राचा प्रश्न मोझांबिकमध्येही येतो आणि भारतात परततानाही येतो. मुरगाव येथील बंदर आरोग्य कार्यालयात या लशीची चौकशी करावी. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरले जाते आणि आता आयुष्यभर चालते. रुग्णाला विमानाने हलविण्याचा खर्च देणारा विमा काढल्याशिवाय निघू नये.

कोणाला भेटावे, यावर दौऱ्याचे यश अवलंबून असते. परदेशी संस्थांच्या कार्यालयांत जाणे सोपे असते, कारण तिथे इंग्रजी चालते. म्हणूनच तिथून सुरुवात करू नये. आधी नगरपालिका, सरकारी आपत्ती व्यवस्थापन संस्थेचे प्रांतिक कार्यालय, मोझांबिक रेड क्रॉस, आरोग्य केंद्रातील परिचारिका, शाळेचे मुख्याध्यापक आणि बाजारात मासळी विकणाऱ्या बाया यांना भेटावे. ‘तुम्हाला काय हवे?’ हा प्रश्न विचारू नये. त्याचे उत्तर पाहुण्याकडे पाहून दिले जाते. त्याऐवजी गेल्या पुरात पाणी कुठवर चढले होते, पहिल्या तीन दिवसांत कोण धावून आले, आणि बाहेरून आलेल्या वस्तूंपैकी आज कोणती वापरात नाही, हे विचारावे. यातल्या शेवटच्या प्रश्नाने मला तरी सर्वांत जास्त शिकविले आहे. बंद पडलेला हातपंप पाहायला मिळाला की तो कोणी बसविला यापेक्षा त्याचे वॉशर कुठे मिळतात आणि दुरुस्तीचे पैसे कोण जमा करतो, याची नोंद करावी. पुनर्वसन वसाहतीत गेल्यास स्फिअर या मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय मानकांचे काही आकडे पाठ असावेत : माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी, 20 माणसांमागे एक शौचालय, निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा. फोटो परवानगीशिवाय काढू नयेत, आणि मुलांचे तर काढूच नयेत.

आपल्यापाशी देण्याजोगे काय आहे, याचा विचारही तिथेच करावा. इडाईनंतर बैरात पटकी पसरली तेव्हा एप्रिल 2019 मध्ये सुमारे 8 लाख लोकांना तोंडावाटे लस दिली गेली. असे काम सरकार आणि अनुभवी संस्था करतात. तिथे हौशी माणसाची अडचणच होते. याउलट, मांडवी-झुवारीच्या काठची खाजन शेती (खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली सखल शेते), तिचे बांध आणि भरतीचे पाणी अडवून ओहोटीला सोडणारी मानस, म्हणजे बांधातले दार, ज्याने हाताळली आहे, त्याच्याशी सखल, खाऱ्या पाण्याच्या बैराला बोलण्यासारखे पुष्कळ असू शकते. शहराच्या पोटातून जाणाऱ्या चिवेवे नदीचा प्रवाह तिथल्या पालिकेने पूर कमी करण्यासाठी पुन्हा मोकळा केला आहे; ते काम आधी पाहावे आणि आपले ज्ञान शिकविण्यापूर्वी त्यांचे ऐकावे. जमिनीच्या बाबतीत कोमुनिदादीचे, म्हणजे गोव्यातल्या गावाच्या सामायिक मालकीचे, गणित तिकडे लावू नये, कारण मोझांबिकमध्ये सर्व जमीन सरकारची असते आणि लोकांना तिच्या वापराचा हक्क मिळतो.

पैशाविषयी थोडक्यात. दौऱ्याचा खर्च स्वतःचा असावा, त्यासाठी गावात वर्गणी काढू नये. वर्गणी काढली की परत येऊन ‘नको’ म्हणणे जड जाते. पुढे संस्थेमार्फत पैसे पाठविण्याचा बेत असल्यास भारतीय न्यासाने भारताबाहेर केलेल्या खर्चामुळे आयकर सवलतीला बाधा येऊ शकते, हे चार्टर्ड अकाउंटंटकडून आधीच समजून घ्यावे.

परतल्यावर महिनाभर कोणताही निर्णय करू नये. टिपणे स्वच्छ लिहून त्यांचा पोर्तुगीज गोषवारा ज्यांना भेटलात त्यांना पाठवावा आणि आपल्या समजुतीतल्या चुका त्यांनाच दाखवायला सांगावे. उत्तर कधी देणार ती तारीख कळवावी आणि नकार असला तरी त्या तारखेला पत्र जावे. या काळात, किंवा पुढील काही महिन्यांत, ताप आला तर तो पावसाळी ताप समजून अंगावर काढू नये. त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण आफ्रिकेहून आलो आहोत हे पहिल्याच वाक्यात सांगावे.