पोकलेनची चेन किती टाईट ठेवायची आणि कशी सांभाळायची

बरेच मालक इंजिन ऑइल, फिल्टर, पंप सगळं तारीख बघून करतात आणि चेनकडे मात्र ती उतरल्याशिवाय बघत नाहीत. खरं तर मशीनच्या आयुष्यात दुरुस्तीवर जो पैसा जातो त्यातला निम्म्याच्या आसपास खालीच जातो, म्हणजे चेन, रोलर (चेन ज्यांच्यावर धावते ती चाकं), आयडलर (पुढचं मोकळं चाक), स्प्रॉकेट (चेन ओढणारं दातेरी चाक) यांच्यावर, आणि त्यातलं बरंच काही रोजच्या सवयीनं वाचतं.

सगळ्यात आधी माती काढा. आपल्याकडची काळी माती ओली असताना स्प्रॉकेटच्या दातात आणि रोलरच्या फटीत गच्च बसते, रात्रीत वाळून दगड होते, मग सकाळी चेन आपोआप टाईट झालेली असते आणि रोलर फिरायच्या ऐवजी घासत जातात. म्हणून शेततळ्याचं किंवा नाल्याचं काम संपलं की संध्याकाळी ओली आहे तोवरच फावड्यानं काढायची, पाणी असेल तर मारायचं. हे काम हेल्परवर सोडून निघून जाऊ नका, स्वतः बघा.

आता ढील मोजायची कशी. सपाट जमिनीवर वरची बॉडी ९० अंश फिरवा, बकेट टेकवून एका बाजूची चेन उचला, ती पुढे-मागे फिरवून माती झटका आणि थांबवा. फ्रेमखाली लाकडी स्लीपर द्या, लोंबणाऱ्या चेनखाली कुणी हातपाय घालायचा नाही. मग मधोमध, ट्रॅक फ्रेमच्या खालच्या कडेपासून शूच्या (चेनवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या) वरच्या पाठीपर्यंत टेप लावा. २० टनी मशीनला बऱ्याच मॉडेलमध्ये हे अंतर ३०० ते ३३५ मिलीमीटर येतं, पण काही कंपन्या मशीन जमिनीवर ठेवूनच आयडलर आणि टॉप रोलरच्या मध्ये पट्टी ठेवून मोजायला सांगतात आणि तिथे आकडा १० ते ३० मिलीमीटर असतो, त्यामुळे आपल्या मशीनचं मॅन्युअल बघूनच ठरवा, शेजारच्याचा आकडा घेऊ नका. चिखलात काम असेल तर चेन थोडी ढिली बरी. बरेच ऑपरेटर उतरायच्या भीतीनं ती तारेसारखी ताणून ठेवतात, मग पिन, बुश (चेनच्या कड्या जोडणारे खिळे आणि त्यांच्यावरच्या नळ्या), स्प्रॉकेटचे दात, आयडलर सगळंच झपाट्यानं झिजतं, वर डिझेलही जास्त जातं.

टाईट करायला चेन ताणणाऱ्या ग्रीस सिलिंडरच्या निपलला (ग्रीस भरायच्या तोंडाला) ग्रीस गन लावायची, बस. ढिली करताना मात्र जीव सांभाळा. आतलं ग्रीस प्रचंड प्रेशरमध्ये असतं, व्हॉल्व्ह हळूहळू एक आट्यापर्यंतच सोडायचा, पूर्ण काढायचा नाही, निपलला तर हातच लावायचा नाही, आणि तोंड, हात, अंग कधीच समोर धरायचं नाही. ग्रीस निघत नसेल तर मशीन थोडी पुढे-मागे हलवा. चुकून ग्रीस कातडीत घुसलंच तर भोक टाचणीएवढं दिसलं तरी लगेच दवाखाना गाठा, उद्या बघू म्हणून बोटं गमवावी लागतात.

ग्रीस भरूनही चेन एक-दोन दिवसांत पुन्हा लोंबत असेल तर सिलिंडरचं सील गेलंय. आणि सिलिंडर पूर्ण बाहेर येऊनही ढील राहत असेल तर पिन-बुश झिजलेत, तेव्हा कुणी म्हणेल एक लिंक काढून टाक. मला ते पटत नाही, कारण लिंक काढली तरी बाकीच्या लिंकमधलं वाढलेलं अंतर तसंच राहतं आणि चेन दातांवर नीट बसत नाही. वेळेत पाहिलं तर पिन-बुश फिरवून दुसरी बाजू वापरता येते, बुश फुटेपर्यंत थांबलात तर तेही गेलं.

आठवड्यातून एकदा शूचे बोल्ट ठोकून बघा, ढिल्याचा आवाज बद्द येतो. रोलरला ग्रीस द्यायचं नसतं, ते सीलबंद असतात, फक्त बाजूला ओला तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली की सील गेलं समजा, तो रोलर लवकर बदला नाहीतर जाम होऊन एका बाजूला चपटा होतो. फायनल ड्राइव्हचं (स्प्रॉकेट फिरवणाऱ्या गिअरबॉक्सचं) ऑइलही तेव्हाच बघा.

चालवताना स्प्रॉकेट मागे राहील असं चाला, लांब रिव्हर्स नको, जागेवर गरागरा वळणं नको, काळ्या पाषाणात हाय स्पीड तर अजिबात नको. एका कामावरून दुसऱ्या गावाला जायचं तर ट्रेलर बोलवा, भाडं वाचवायला डांबरी रस्त्यावरून मैलोन् मैल मशीन चालवत नेलं की रोलर तापतात आणि सील जातात.