केदारकंठा: सह्याद्रीवाल्यांनी हळू कसं चालावं

कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. केदारकंठ्याचा ट्रेक जिथून सुरू होतो ते सांकरी गाव साधारण १,९५० मीटरवर. म्हणजे गाडीतून उतरून तुम्ही टपरीवर पहिला चहा घेता, तेव्हाच महाराष्ट्राचं सगळ्यात उंच टोक तुमच्या तीनशे मीटर खाली राहिलेलं असतं. पहिल्या खेपेस मला हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं का, शंकाच आहे. वीस वर्षं सह्याद्रीत भटकलेली बाई मी. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलेला, राजगड-तोरणा एका दिवसात केलेला. ४९व्या वर्षी हिमालयात गेले ती "चार दिवसांत वीसच किलोमीटर? एवढंच?" असं म्हणत. आणि शिखराचं तोंडही न बघता परत आले. पुढच्या वर्षी पुन्हा गेले, तेव्हा जमलं. आता भाच्या, त्यांच्या मैत्रिणी, बँकेतली पोरं फोन करून विचारतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

केदारकंठा उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात, गोविंद पशुविहार अभयारण्याच्या हद्दीत आहे. उंची ३,८१० मीटर, म्हणजे साडेबारा हजार फूट. पहिल्या ट्रेकसाठी मी हाच सुचवते, कारण वाट मळलेली आहे, मुक्काम जवळजवळ आहेत आणि शेवटी खरंखुरं शिखर मिळतं, नुसतं एखादं कुरण नाही. स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ, काळानाग ही सगळी मंडळी समोर उभी असतात. डिसेंबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत वरच्या टप्प्यात बहुधा बर्फ असतो.

नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळा. तेव्हा शिखराच्या चढावर रांग लागते आणि अंधारात "अरे थांब ना, लेस सुटलीये" असं अस्सल पुणेरी मराठी ऐकू येतं. एरवी बरं वाटलं असतं, पण उणे तापमानात रांगेत ताटकळलं की बोटं बधिर होतात. मला मार्चअखेर ते मध्य एप्रिल आवडतं. वर बर्फ, खाली बुरांश (लाल फुलांचं पहाडी झाड) फुललेला, थंडी सोसवेल इतकी. ज्यांना सगळीकडे पांढरंच हवंय त्यांनी जानेवारी-फेब्रुवारीत जावं, पण मग रात्री तंबूत बाटलीतलं पाणी गोठणार हे धरून चालावं.

पहिल्या वेळी गाइडशिवाय जाऊ नका. नेणाऱ्या संस्था भरपूर आहेत, नावं मी सांगणार नाही. पैसे भरण्याआधी फोनवर काय विचारायचं ते सांगते. एका गाइडमागे किती माणसं? (दहाच्या वर म्हणाले की मी फोन ठेवते.) ऑक्सिजनचं सिलिंडर बेस कॅम्पपर्यंत येतं की सांकरीतच राहतं? गाइडने प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलंय का, उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी कोर्स केलाय का? माणूस आसपासच्या गावचा आहे का? एखाद्याला मध्येच खाली आणावं लागलं तर त्याच्यासोबत कोण उतरणार? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. "तशी वेळ येत नाही मॅडम" असं उत्तर आलं तर दुसरीकडे विचारा. तशी वेळ माझ्यावरच आली होती.

तयारीला दोन महिने द्या. आठवड्यातून चार दिवस चालणं किंवा सावकाश धावणं, पाच किलोमीटर चाळीस मिनिटांच्या आत आणि त्यानंतर बोलता येईल इतका दम शिल्लक. रविवारी आतकरवाडीतून सिंहगड, पाठीवर सात-आठ किलोची सॅक. बहुतेक जण चढायचा सराव करतात आणि उतरताना जीप पकडतात. उलट करा. गुडघे उतरतानाच बोलतात, आणि केदारकंठ्याला शिखराच्या दिवशी हजार मीटरच्या वर उतरायचं असतं. जवळ गड नसेल तर इमारतीचे जिने उतरा. सोसायटीतले लोक हसतील, हसू द्या.

कपड्यांत एकच नियम: सुती काही नको. सुती बनियन घामाने भिजलं की वाळत नाही, आणि थांबल्यावर पाठीला गार फडकं गुंडाळल्यासारखं होतं. जीन्स घरी ठेवा. आत थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जॅकेट. तंबूत आणि शिखरावर घालायला पिसं भरलेलं जाड डाऊन जॅकेट. ते विकत घेऊ नका, भाड्याने मिळतं. लोकरीचे मोजे तीन जोड, त्यातला एक फक्त झोपताना घालायचा, काही झालं तरी तो बुटात जाऊ द्यायचा नाही. बूट घोट्याच्या वर येणारे, आणि किमान महिनाभर घालून मऊ केलेले. सह्याद्रीत गुळगुळीत झालेले जुने बूट प्रेमाखातर आणू नका. बर्फावर चालायला बुटाखाली लावायचे मायक्रोस्पाइक आणि पोटरीवर बांधायचे गेटर संस्था देते, पण सांकरीतच ते एकदा घालून-काढून बघा. पहाटे तीनला हातमोजे घालून पट्टा शोधत बसणं फार वाईट. काळा चष्मा फॅशनसाठी नाही. बर्फावरून परतलेल्या उन्हाने डोळे अक्षरशः भाजतात. चष्मेवाल्यांनी त्यावरून बसेल असा मोठा घ्यावा.

पाळीची तारीख त्याच आठवड्यात येत असेल तर गोळ्या घेऊन ती पुढे ढकलायची घाई नको, आधी डॉक्टरांशी बोला. वापरलेले पॅड आणि ओले टिश्यू दुहेरी पिशवीत घालून खाली परत आणायचे. तिथल्या खड्ड्याच्या शौचालयात टाकायचे नाहीत. ट्रेकिंगच्या ग्रुपवर हे कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते.

आता रस्ता. डेहराडून ते सांकरी दोनशेच्या आसपास किलोमीटर, पण नऊ-दहा तास. केम्प्टीपुढे नैनबाग, नौगाव, पुरोला, मोरी, नैटवाड अशी गावं लागतात. नैटवाडला रुपिन आणि सुपिन एकत्र येऊन टोन्स नदी होते, तो संगम झोपेत घालवू नका. गाड्या सकाळी सहा-सातलाच निघतात, त्यामुळे दिल्लीहून रात्रीची गाडी पकडून त्याच सकाळी डेहराडूनला पोहोचायचं गणित मांडू नका. धुक्यात गाडी दोन तास लेट झाली की संपलं. आदल्या दिवशी पोहोचा. पुरोल्यात पैसे काढा, घरी फोन करून घ्या. घाट लागतो त्यांनी निघण्याआधी तासभर अव्होमीन घ्यावी, रिकाम्या पोटी बसू नये आणि पुढची सीट पकडावी. वाटेत मांडुआची भाकरी मिळाली तर खा. मांडुआ म्हणजे आपली नाचणीच. परमुलखात आजीच्या हातची चव मिळते.

पहिला दिवस सांकरी ते जुडा का तालाब. अंतर चार-पाच किलोमीटर, चढ आठशे मीटरच्या वर. देवदार, बांज (ओक) आणि चीड (पाइन) यांच्या जंगलातून वाट जाते. पहिल्या खेपेस मी इथेच चूक केली. सगळ्यांच्या पुढे, तासभर आधी तळ्यावर पोहोचले, घामाने चिंब, आणि तशीच ओल्या शर्टात तळ्याकाठी फोटो काढत बसले. गाइड (आम्ही त्याला भैजी म्हणायचो, गढवालीत मोठा भाऊ) मागून आला आणि म्हणाला, "दीदी, मठु-मठु." हळूहळू. मला ते 'मठ्ठ' ऐकू आलं आणि मी मनातल्या मनात चिडले.

दुसऱ्या दिवशी बेस कॅम्प, साधारण ३,४०० मीटर. वाट छोटी, अडीच-तीन तासांची. तीही मी पळतच संपवली. संध्याकाळी कपाळ ठणकायला लागलं, राजमा-भाताच्या वासाने मळमळलं. भैजींनी विचारलं तर म्हटलं, "काही नाही, ऊन लागलंय," आणि गुपचूप डोकेदुखीची गोळी घेतली. रात्री एकला तंबूबाहेर उलटी झाली आणि सरळ उभं राहता येईना. भैजींनी एक पाऊल दुसऱ्या पावलाला चिकटवत रेषेत चालायला सांगितलं. चार पावलांत झोक गेला. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. माझी सॅक एका पोराच्या पाठीवर दिली आणि हेडलॅम्पच्या उजेडात मला खाली तळ्याकडे घेऊन निघाले. उजाडेपर्यंत डोकं उतरलं आणि मला चक्क भूक लागली.

तेव्हा हे नीट वाचा. केदारकंठ्याच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच. शरीर त्याला सरावतं, पण त्याला वेळ लागतो, आणि तुमचं वय, तुमचे गड, तुमची मॅरेथॉन यांच्याशी त्याचं देणंघेणं नसतं. डोकेदुखी, मळमळ, जेवण नको वाटणं, चक्कर यातलं काही झालं की लगेच गाइडला सांगायचं. लक्षणं असताना वर चढायचं नाही. ती वाढली तर उतरायचं, रात्र असली तरी. तोल जाणं, गोंधळल्यासारखं बोलणं, बसल्या जागी दम लागणं, ही जिवावरची लक्षणं आहेत. औषध किंवा सिलिंडर आहे म्हणून तिथेच थांबून राहायचं नाही. उंचीच्या त्रासावर घेतात ती डायमॉक्सची गोळी कुणाच्या सल्ल्यावरून परस्पर घेऊ नका. आपल्या डॉक्टरांना विचारा, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगा. तिने लघवी वारंवार होते आणि बोटांना मुंग्या येतात, हे आधी ठाऊक असलेलं बरं. रक्तातला ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ८८ टक्के दिसलं म्हणून घाबरू नका. त्या उंचीवर असे आकडे येतात. ९२ आलं म्हणून डोकेदुखी लपवूही नका.

दुसऱ्या वर्षी मी शेवटून दुसरी चालले. नाकाने श्वास घेता येईल आणि शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता येईल, हाच वेग. धाप लागली की पावलं छोटी करायची, थांबायचं नाही. विश्रांती पाच मिनिटांची, उभ्यानेच. घाम येण्याआधी वरचा कपडा काढायचा आणि मुक्कामावर पोहोचल्याबरोबर आतला बदलायचा. दिवसभरात तीन-चार लिटर पाणी, तहान नसली तरी. थंडीत पाणी नको वाटतं, म्हणून मी थर्मासमध्ये गरम पाणी आणि थोडा गूळ ठेवते. दुपारी तंबूत आडवं व्हायचं नाही. बाहेर फिरा, पत्ते खेळा, शंभरेक मीटर चढून परत या, रात्री झोप बरी लागते.

शिखराच्या रात्री सात वाजता जेवून झोपायचं. फोन, पॉवर बँक आणि हेडलॅम्पची बॅटरी स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा, थंडीत त्या बसतात. पाण्याची बाटली उलटी ठेवा. बर्फ आधी वरच्या बाजूला धरतं, त्यामुळे तोंडाशी पाणी राहतं. तीनच्या सुमारास निघायचं. एवढ्या लवकर का, तर सकाळी बर्फ कडक असतं आणि स्पाइक धरतात. ऊन चढलं की ते भुसभुशीत होऊन पाय मांडीपर्यंत जातो. चढताना बुटाचा पुढचा भाग बर्फात रोवायचा, पुढच्याच्या पाऊलखुणेत पाऊल टाकायचं. वर पाहू नका, पुढच्याच्या टाचेकडे बघा. शेवटचा टप्पा उभा आहे आणि 'आलंच' वाटणारी खोटी टोकं दोन-तीनदा लागतात.

वर दगडांची रास आणि त्रिशूळ आहे. गावकरी सांगतात की शंकराला इथेच राहायचं होतं, पण गाईंच्या घंटांनी ध्यान मोडलं म्हणून ते केदारनाथला गेले. सूर्य उगवला तेव्हा मी स्वर्गारोहिणीकडे बघत चिक्की खाल्ली आणि हातमोजा काढल्याबद्दल भैजींच्या शिव्याही खाल्ल्या. वीस मिनिटांच्या वर थांबू नका, वारा अंगावर येतो.

उतार हा दिवसाचा मोठा भाग आहे. बेस कॅम्पला नाश्ता करून त्याच दिवशी हरगावच्या कॅम्पपर्यंत, २,७०० मीटरच्या आसपास उतरायचं. निघण्याआधी पायाची नखं कापलेली हवीत आणि लेस घोट्याशी घट्ट, नाहीतर अंगठ्याचं नख काळं पडतं. बर्फावर टाच आधी रोवायची, गुडघा किंचित वाकलेला, काठ्या थोड्या लांब केलेल्या. घसरत खाली जायची हौस सगळ्यांना असते. जिथे गाइड 'हो' म्हणेल तिथेच, आणि स्पाइक काढूनच. पायात स्पाइक असताना घसरलात की तो बर्फात अडकतो आणि घोटा मुरगळतो.

चौथ्या दिवशी जंगलातून सांकरी. तिथे गाइड, स्वयंपाकी आणि खच्चरवाला यांना बक्षिसी द्या, वर्गणी आधीच काढून ठेवा, म्हणजे शेवटी सुट्ट्या पैशांची लाजिरवाणी शोधाशोध होत नाही. भाड्याची जॅकेटं मोजून परत करा. गावातला राजमा दोन किलो घ्या, चांगला असतो. आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसण्याआधी तासभर अव्होमीन पुन्हा. उतरतानाही घाट तोच असतो.