आपली तूर फुलोऱ्यात असताना झांबेझियाची तूर जहाजात असते

विदर्भ-मराठवाड्यातील तूर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कळ्या-फुलांवर येते, त्याच सुमारास पूर्व आफ्रिकेतील मोझांबिक देशाच्या उत्तर भागातील, म्हणजे झांबेझिया आणि आसपासची, नवी तूर नाकाला आणि बैरा या बंदरांतून भारताकडे निघालेली असते. आपला माल डिसेंबर-जानेवारीत बाजार समितीत जातो, तोवर तिकडची बरीचशी आवक डाळ मिलपर्यंत पोहोचलेली असते. म्हणून विक्रीचे नियोजन करणाऱ्या तूर उत्पादकाने त्या प्रदेशाचे पाऊसपाणी आणि पीककाल समजून घेणे आता गरजेचे झाले आहे.

झांबेझिया हा मोझांबिकमधील झांबेझी नदीच्या उत्तरेचा प्रांत असून केलिमाने ही त्याची राजधानी आहे. किनारपट्टी सखल आणि नारळाची आहे, तर पश्चिमेकडे चढत गेलेला गुरुएचा डोंगराळ भाग चहाच्या मळ्यांसाठी ओळखला जातो आणि तेथील नामुली शिखर 2,419 मीटर उंच आहे. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात, तसेच शेजारच्या नाम्पुला प्रांतात आणि सीमेपलीकडील मलावीच्या दक्षिण भागात लहान शेतकरी तूर घेतात. जमीन सरकारच्या मालकीची असून शेतकऱ्याला ती कसण्याचा हक्क असतो. बहुतेक मशागत कुदळीने होते, रासायनिक खत फारसे पडत नाही आणि सिंचन जवळजवळ नाहीच.

तेथे पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत टिकतो. पहिल्या पावसावर मक्यात तुरीचे आंतरपीक पेरले जाते. एप्रिल-मेमध्ये मका निघाल्यानंतर तूर एकटीच उभी राहते, दिवस लहान होऊ लागले की फुलते, जमिनीतील ओलीवर शेंगा भरते आणि जुलै ते सप्टेंबरदरम्यान काढणीला येते. मळणीनंतर उरलेल्या तुराट्या तेथेही चुलीत जातात. मलावीत ही तूर घरोघरी खाल्ली जाते, मोझांबिकमध्ये मात्र तिचा मोठा भाग परदेशी विकण्यासाठीच पिकतो आणि तिचे मुख्य गिऱ्हाईक भारत आहे. साठवणुकीची सोय नसल्याने शेतकरी गावात येणाऱ्या खरेदीदाराला थोडा थोडा माल लगेच देतो, आणि हा माल ट्रकने नाम्पुलामार्गे नाकालाच्या खोल नैसर्गिक बंदरात पोहोचतो.

या व्यवहाराला सरकारी कराराचा आधार आहे. जुलै 2016 मध्ये भारताने मोझांबिकशी कडधान्य खरेदीचा करार केला आणि 2021 मध्ये तो आणखी पाच वर्षांसाठी, दरवर्षी 2 लाख टनांच्या प्रमाणात, वाढवला. मलावीशी वर्षाला 50 हजार टनांचा वेगळा करार झाला. 2016 च्या करारानंतर मागणीची खात्री वाटल्याने तिकडच्या शेतकऱ्यांनी क्षेत्र वाढवले. पण 2016-17 मध्ये भारतातच तुरीचे विक्रमी पीक आले. महाराष्ट्रातील खरेदी केंद्रांवर बारदान संपल्यामुळे शेतकऱ्यांना ट्रॅक्टरसह ताटकळावे लागले, आणि ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राने तुरीच्या आयातीवर 2 लाख टनांची मर्यादा घातली, तेव्हा झांबेझियातील गावांतही भाव कोसळले. एकाच धोरणाने दोन्हीकडचा कोरडवाहू शेतकरी अडचणीत आला, हे विसरता कामा नये. तिकडच्या शेतकऱ्याला आपला शत्रू समजण्याचे काहीही कारण नाही. पेरणीपूर्वी आयातीचे धोरण ठरत नाही, हे दोघांचेही समान दुखणे आहे. मे 2021 पासून तुरीची आयात पुन्हा खुली करण्यात आली आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवली गेली. त्यामुळे दरवर्षी मार्चअखेरची मुदत संपण्यापूर्वी मुदतवाढीची बातमी आवर्जून पाहावी.

मार्च महिना आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. हिंदी महासागरातील चक्रीवादळे याच काळात त्या किनाऱ्यावर आदळतात. मार्च 2023 मध्ये फ्रेडी वादळाने केलिमाने परिसर आणि दक्षिण मलावीत मोठी हानी केली. 2023-24 च्या हंगामात एल निनोमुळे मलावीत पावसाने ओढ दिली. उभे पीक वाचले तरी वाहतूक अडू शकते. जानेवारी 2015 च्या पुरात मोकुबा येथील लिकुंगो नदीवरील पुलाचे नुकसान होऊन प्रांताचा मुख्य रस्ताच तुटला होता, तर 2023 च्या अखेरीस निर्यातदारांमधील वादामुळे नाकाला बंदरातून तूर बाहेर पडायला विलंब झाला. अशा वर्षी आयात उशिरा किंवा कमी येण्याची शक्यता असते, तर पाऊस वेळेवर झालेल्या वर्षी ऑक्टोबरपासूनच आवकेचा दबाव जाणवतो. मुंबईच्या बाजारात ‘गजरी’, ‘मटवारा’, ‘अरुषा’ या नावांनी निघणारे भाव म्हणजे मोझांबिक आणि टांझानियाच्या तुरीचे भाव होत. ते अकोला-लातूरच्या भावाशेजारी ठेवून पाहावेत.

सध्या फुलोऱ्यातील पिकात शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी हेक्टरी 5 कामगंध सापळे (नर पतंगांना गंधाने ओढणारे) लावावेत, फुले येऊ लागताच 5 टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी आणि पाण्याची सोय असल्यास फुलोऱ्यात व शेंगा भरताना एकेक संरक्षित पाणी द्यावे. हमीभावाने विक्रीसाठी ई-पीक पाहणीतील तुरीची नोंद आताच तपासावी, कारण नोंद चुकली तर खरेदी केंद्रावर ऐनवेळी दुरुस्ती होत नाही. 2025-26 हंगामासाठी हमीभाव क्विंटलला 8,000 रुपये जाहीर झाला होता. मळणीनंतर दाणे उन्हात चांगले वाळवून ओलावा 12 टक्क्यांच्या आत आणावा. माल काही महिने ठेवायचा असल्यास ओलावा 9 ते 10 टक्क्यांपर्यंत उतरवून, कट्टे लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून दूर रचावेत, म्हणजे भुंग्याचा उपद्रव कमी राहतो. पैशांची निकड असेल तर पडत्या भावात सगळा माल विकण्याऐवजी शेतमाल तारण योजना राबवणाऱ्या बाजार समितीत तूर ठेवावी. तेथे किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम 6 टक्के व्याजाने 180 दिवसांसाठी मिळते. माल ठेवण्यापूर्वी आपल्या समितीत गोदामाची जागा शिल्लक आहे का, हे नोव्हेंबरमध्येच विचारून घ्यावे.