एसीवर बर्फ जमतोय? या चुका टाळा

मे महिन्याची दुपार. एसीतून वारा यायचा थांबतो, पुढचं कव्हर उचललं तर आतली थंड नळ्यांची कॉइल पांढरीशुभ्र, आणि तासाभरात भिंतीवरून पाण्याचे ओघळ. यावर घरातल्याचं आणि नवख्या मेकॅनिकचं पहिलं वाक्य एकच असतं: "गॅस कमी झालाय." बऱ्याचदा तो कमी झालेला नसतो.

इनडोअरची कॉइल नीट चालत असताना साधारण 5 ते 10 अंशांवर असते. खोलीतली गरम हवा सतत तिच्यावरून जाते, म्हणून ती त्याहून खाली उतरत नाही. हवा अडली, किंवा गॅस घटून आतला दाब पडला, की कॉइल शून्याखाली जाते. मग बाष्पाचं पाणी होऊन खाली गळण्याऐवजी ते कॉइलच्या पातळ पत्र्यांवरच गोठतं, फटी बुजतात, हवा आणखी कमी होते आणि बर्फ वाढतच जातो.

बर्फ असताना गेज लावणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. दर उन्हाळ्यात घडणारा प्रकार बघा. दीड टनाचा स्प्लिट, गॅस आर-32. हवेची जाळी (फिल्टर) धुतलेली आहे, म्हणून हवा ठीक असणार असं सगळे गृहीत धरतात. खरं तर ब्लोअरच्या, म्हणजे वारा ढकलणाऱ्या पंख्याच्या, पात्यांवर धूळ, ओल आणि स्वयंपाकघरातल्या तेलाचा काळा थर बसलाय आणि वारा निम्म्यावर आलाय. मेकॅनिक येतो, घाईत असतो, बर्फ वितळण्याआधीच आउटडोअरला गेज (गॅसचा दाब मोजणारं मीटर) लावतो. आर-32 चं 0 अंशाशी जुळणारं प्रेशर जेमतेम 103 पीएसआय. गोठलेल्या कॉइलवर काटा शंभराच्या खाली दिसणारच. तो "कमी गॅस" समजून सिलिंडर उघडतो आणि काटा 130 वर येईपर्यंत भरतो. पैसे घेऊन निघून जातो. रात्री बर्फ वितळतो. दुसऱ्या दिवशी आउटडोअरमध्ये जास्तीचा गॅस, डोक्यावर चाळीस अंशांचं ऊन, हाय प्रेशर वाढलेलं आणि कॉम्प्रेसर ओव्हरलोडवर ट्रिप. काही दिवसांनी बर्फ पुन्हा हजर, कारण ब्लोअर तसाच आहे. मग दुसरा मेकॅनिक येतो आणि हेच पुन्हा करतो.

आमचा क्रम ठरलेला आहे. आधी बर्फ पूर्ण वितळवायचा. मग जाळी, कॉइल, ब्लोअर बघायचे. खालच्या झडपेतून टॉर्च मारली की ब्लोअरची पाती स्पष्ट दिसतात. प्रत्येक पात्याची वाटी भरलेली असेल तर जेट पंपाने धुतल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. धुताना पीसीबीची (सर्किट बोर्डची) बाजू प्लॅस्टिकने झाकायची आणि कॉइलवर पाणी सरळ मारायचं, तिरकं मारलं तर पत्र्या झोपतात. एवढं झाल्यावर एसी 15-20 मिनिटं चालवून मगच गेज. इन्व्हर्टर असेल तर गेजवर आणखी कमी भरवसा, कारण कॉम्प्रेसरचा वेग बदलला की प्रेशर बदलतं.

गॅस खरंच कमी असेल तर बर्फ वेगळा दिसतो. सुरुवातीला तो कॉइलच्या एकाच भागात, गॅस आत शिरतो तिथे जमतो, उरलेली कॉइल कोरडी आणि कोमट राहते. आउटडोअरच्या बारीक पाइपच्या नटावरही पांढरं दिसतं. अशा वेळी "टॉप-अप" मागू नका. एसीतला गॅस खर्च होत नाही. कमी झाला म्हणजे तो कुठून तरी गळतोय. आधी पाइपच्या जोडावरच्या फ्लेअर नटांना साबणाचा फेस लावायचा, तिथे सापडलं नाही तर नायट्रोजन भरून लीक शोधायचा. तो काढल्यावर पंपाने किमान 20-30 मिनिटं व्हॅक्यूम (आतली हवा आणि ओल बाहेर ओढणं), आणि मग आउटडोअरच्या पट्टीवर लिहिलेल्या ग्रॅमांइतका गॅस वजनकाट्यावर तोलून. वजनकाटा न आणणाऱ्याकडून गॅस भरून घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत. समुद्राजवळ किंवा नाल्याकाठी राहणाऱ्यांनी कॉइलच तपासून घ्यावी. तिथली हवा तांबं खाते.

बर्फ खरवडणं

सुरी, स्क्रू ड्रायव्हर, उकळतं पाणी, काहीच नको. पत्र्यांमागची तांब्याची नळी अगदी पातळ असते. एक टोचा बसला की सगळा गॅस जातो आणि अनेकदा कॉइलच बदलावी लागते. कूलिंग बंद करा, फॅन मोड, वेग सर्वांत जास्त, खाली बादली आणि जुना टॉवेल. दोन-तीन तास लागतात, जाड थर असेल तर जास्त. अर्ध्या तासात कंटाळून पुन्हा कूलिंग लावणारे फार आहेत. आत राहिलेला बर्फ लगेच नव्या बर्फाला धरून ठेवतो, आणि कॉइलमध्ये न उकळलेला गॅस द्रवरूपात कॉम्प्रेसरकडे परततो. कॉम्प्रेसरला त्याने खरी इजा होते.

फॅन मोडवरही आउटडोअर चालूच राहिला तर त्याला चालू-बंद करणारा रिले चिकटलाय. एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडा आणि मेकॅनिक बोलवा.

बाकीच्या चुका थोडक्यात. उन्हाळ्यात जाळी दर 15 दिवसांनी धुवा, साध्या पाण्याने, आणि सावलीत पूर्ण वाळवून बसवा. खोली लवकर गार व्हावी म्हणून 16 अंश आणि फॅन लो ठेवू नका. खोली त्याने लवकर गार होत नाही, कॉइल मात्र गोठते. 1 जानेवारी 2020 पासून स्टार लेबलचे नवे रूम एसी मुळात 24 अंशांवर सुरू होतात, तिथेच राहू द्या. नाशिक-पुण्याच्या डिसेंबरच्या रात्री, बाहेर 12-15 अंश असताना, कूलिंग लावू नका.

आणि सर्व्हिसनंतर लगेच बर्फ यायला लागला, तर कॉइलचं तापमान मोजणारा सेन्सर बघायला सांगा. धुताना तो तांब्याच्या खोबणीतून निघतो आणि बाहेरच लटकत राहतो. मग कॉइल गोठली तरी त्याला खोलीतली 26 अंशांची हवाच लागते आणि पीसीबी कॉम्प्रेसर थांबवत नाही. क्लिपसह खोबणीत परत सरकवायला दोन मिनिटं पुरतात.